जुना टंबलर पुन्हा फिरवताना: आधी ग्रिट काढा, गंज नंतर

जुन्या बाजारात मिळालेला किंवा कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेला रॉक टंबलर, म्हणजे ड्रममध्ये दगड फिरवून गुळगुळीत करणारे यंत्र, घरी आला की बहुतेकांचा हात आधी गंजाकडे जातो. पॉलिश पेपरने सांगाडा घासायचा, रंग मारायचा, मोटारीला तेल पाजायचे आणि दगड भरायचे. महिन्याभराने दगड बाहेर येतात ते ओरखडे घेऊनच. गंज डोळ्यांत भरतो, पण दगडांचे नुकसान करतो तो आधीच्या मालकाचा उरलेला ग्रिट, म्हणजे दगड घासणारी कडक भुकटी. टंबलरमध्ये वापरतात ती सिलिकॉन कार्बाइडची भुकटी कडकपणाच्या मोज मापनावर ९ च्या पुढे असते आणि आपल्याकडचा अकीक साडेसहा ते सात. झाकणाच्या खाचेत दडलेला ६० नंबरच्या भरड ग्रिटचा एक कण शेवटच्या पॉलिशमध्ये निसटला, तर आठवड्याची मेहनत वाया जाते. हाच कण बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या बाहीत, गेला की शाफ्ट कापतो. म्हणून या कामाचा क्रम ग्रिटच्या हिशेबाने लावायचा. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

हा लेख फिरत्या ड्रमच्या टंबलरबद्दल आहे. कंप पावणाऱ्या यंत्रांची रचना वेगळी असते, त्यांना यातले सगळे लागू पडणार नाही.

यंत्र समोर आल्यावर लगेच प्लग लावू नका

आधी मोटारीवरची पाटी वाचा. परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेली लॉरटोन किंवा थमलर्सची यंत्रे बहुधा ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात. ती थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावली तर मोटार जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो फक्त व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे मोटार साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जरा जास्त तापते. वेग थोडा कमी झाल्याने दगडांचे बिघडत नाही. तापण्याकडे मात्र लक्ष ठेवावे लागते, कारण हे यंत्र दिवसरात्र चालते. ट्रान्सफॉर्मर मोटारीच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या.

मग ड्रम उचलून बाजूला ठेवा आणि तो ज्यांवर फिरतो ते दोन्ही शाफ्ट हाताने फिरवून पाहा. करकर असा बारीक आवाज आला तर आत ग्रिट आहे. अडखळत फिरला तर गंज किंवा वाळलेले तेल. शाफ्ट वरखाली हलला तर बुश झिजलेत. वायर कडक झाली असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर तपासत बसू नका, बदलाच. तीनपदरी वायर घ्या, अर्थिंगचा पदर सांगाड्याला स्क्रूने घट्ट जोडा. पाणी आणि वीज इतकी जवळ असलेल्या यंत्राला दोन पिनांचा प्लग चालणार नाही. त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम.

सुटे करताना कोरडे झाडू नका

सांगाड्यावर, ट्रेमध्ये, पुलीच्या मागे जो राखाडी थर दिसतो तो वाळलेला गाळ असतो. त्यात दगडाची, म्हणजे सिलिकाची, अतिशय बारीक भुकटी असते. कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने उडवली तर ती थेट फुप्फुसात जाते. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा जुना आणि बरा न होणारा आजार आहे, तो याच धुळीमुळे. तुमचा संबंध एका दिवसापुरता असला तरी सवय चुकीची लावून घेऊ नका. मोटार सोडून बाकी सगळे आधी ओले करायचे, मग घासायचे.

सुटे करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. पट्टा कुठल्या खाचेत होता, वॉशर आत होता की बाहेर, पुलीचा बॉस (मधला जाड भाग) कोणत्या बाजूला होता हे दोन दिवसांनी आठवत नाही. स्क्रू आणि वॉशर जागेप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. पुलीला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू गंजून बसला असेल तर ॲलन कीवर जोर करू नका, त्याची खाच गोल होते. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबा, सकाळी आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. पुली हातोड्याने ठोकून काढणे टाळा, शाफ्ट वाकतो. पुलर वापरा.

बादलीत पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून मोटार आणि बुश सोडून धातूचे भाग तासभर बुडवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, दुसऱ्या बादलीत खळबळून घ्या. हे पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचे नाही. गाळ पाइपच्या वळणात बसतो आणि सिमेंटसारखा आवळतो, मग पाइप फोडल्याशिवाय इलाज नसतो. बादली रात्रभर स्थिर ठेवली की गाळ तळाला जातो. वरचे पाणी हलकेच मातीत ओता आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. हा नियम पुढे यंत्र चालवतानाही तसाच पाळायचा.

ड्रम

लहान यंत्रांचा ड्रम अख्खा रबराचा असतो. लॉरटोनचे ३ पौंडी, म्हणजे सुमारे १.४ किलोचे यंत्र याचा नमुना. थमलर्सच्या १५ पौंडी मॉडेलमध्ये षटकोनी पोलादी ड्रमला आतून रबराचे अस्तर असते. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या यंत्रांत जाड प्लास्टिकचा किंवा लोखंडी पाइपचा ड्रम दिसतो, कधी अस्तरासह, कधी नुसताच.

रबर अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा. नख रुतून खूण भरून आली तर रबर जिवंत आहे. कडक लागले, वाकवल्यावर केसासारख्या चिरा उघडल्या, तर तो ड्रम फार टिकणार नाही. कोणताही उपाय करून म्हातारे रबर मऊ होत नाही. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांपैकी काहीही रबराला लावू नका. रबर फुगते, चिकट होते आणि मग ग्रिट त्यातच रुततो.

धुण्याची पद्धत अशी. साबणाच्या पाण्याने आत-बाहेर घासा. झाकणाची खाच, कडेची ओठासारखी पट्टी आणि झाकणाच्या बोल्टखालचा वॉशर यांना जुना टूथब्रश लावा. मग ड्रम अर्धा भरेल इतके टाकाऊ अकीकाचे किंवा फुटक्या चिनीमातीचे तुकडे, ते जेमतेम बुडतील इतके पाणी आणि दोन चमचे धुण्याची पावडर घालून यंत्रावर चार तास फिरवा. यंत्र अजून जोडलेले नसेल तर ही पायरी जोडणीनंतर करा. पाणी ओता, बादलीत काय बसते ते पाहा. राखाडी गाळ येतोय तोवर पुन्हा फिरवा. तीन-चार वेळा करावे लागेल. फिरवताना वापरलेले तुकडे भरड ग्रिटच्या डब्यातच ठेवा, पॉलिशला पुन्हा कधी घेऊ नका.

आता थोडी कटू गोष्ट. ज्या ड्रममध्ये वर्षानुवर्षे भरड ग्रिट फिरला तो कितीही धुतला तरी पॉलिशच्या टप्प्यासाठी विश्वासाचा होत नाही. रबरात रुतलेले कण हळूहळू सुटत राहतात. जुना ड्रम ६०/९० आणि १२०/२२० नंबरच्या ग्रिटसाठी कायमचा ठेवा आणि पॉलिशसाठी वेगळा घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवा, इथे नको.

गळतीचे कारण शंभरातल्या नव्वद वेळा कड अस्वच्छ असणे हेच असते. झाकण बसवण्यापूर्वी कड आणि झाकण दोन्ही ओल्या, स्वच्छ फडक्याने पुसायचे. एक दाणा राहिला तरी तिथून पाणी झिरपते आणि पाण्यामागून ग्रिट बाहेर येतो. व्हॅसलिन लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण खनिज तेलाचे पदार्थ रबर खराब करतात. झाकणाच्या ओ-रिंगला (गोल रबरी कड्याला) अगदी पातळ सिलिकॉन ग्रीस चालेल. आतून पंक्चरचे ठिगळ लावू नका, आठवड्यात ग्रिट ते उचकटतो. बाहेरून लावलेले ठिगळ टिकते.

पोलादी ड्रमचे अस्तर सुटले असेल तर ते पूर्ण काढा. आत गंज असणारच. गंज घासून, पूर्ण वाळवून, रेड ऑक्साइड मारा. ३ ते ५ मिलिमीटर जाडीची नैसर्गिक रबराची शीट चिकटवायची. जोडाच्या दोन्ही कडा सरळ न कापता तिरक्या कापा म्हणजे एकावर एक बसतील आणि फट राहणार नाही. चिकटवल्यावर दोन दिवस पाणी दाखवू नका.

शाफ्ट आणि बुश: इथे वेळ द्या

पोलादी शाफ्ट कडक आणि पितळी किंवा नायलॉनचा बुश मऊ, तेव्हा बुश आधी झिजेल असे वाटते. ग्रिट आत गेला की उलटे घडते. मऊ बुशमध्ये कण रुतून बसतात आणि बुश स्वतःच सहाणेसारखा होऊन शाफ्ट कापतो. म्हणून शाफ्टवर चर पडलेला दिसला तर त्या जागचा बुश, वरून चांगला दिसत असला तरी, फेकायचा. जुना बुश आणि नवा शाफ्ट ही जोडी दोन महिन्यांत परत तिथेच येते.

व्हर्नियरने शाफ्ट झिजलेल्या जागी आणि बाजूच्या अखंड जागी मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर बारीक एमरी पेपरने साफ करून वापरता येतो. ०.२ च्या पुढे असेल तर लेथवाल्याकडून ब्राइट बारचा नवा शाफ्ट करून घ्या. तुकडा नेताना जुना शाफ्ट आणि पुली दोन्ही न्या, नुसते माप सांगितले की गडबड होते.

बुश तीन प्रकारचे भेटतात. पहिला सच्छिद्र काशाचा, ज्याच्या अंगातच तेल मुरलेले असते. तो थोडा तापवला की पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब फुटतात, ही त्याची ओळख. हा बुश साबणात किंवा पेट्रोलमध्ये धुतला की आतले तेल निघून जाते. तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर एसएई ३० तेलात बुडवून ठेवा. दुसरा साधा पितळी, त्याला तेलाचे भोक असते. ते तारेने मोकळे करा. तिसरा नायलॉनचा. तो नायलॉनच्या रॉडमधून सहज करून मिळतो, पण नायलॉन ओल शोषून फुगते. उन्हाळ्यात अगदी चपखल बसवलेला बुश पावसाळ्यात शाफ्ट धरून ठेवतो. ०.१५ ते ०.२ मिलिमीटरची ढील ठेवायला सांगा.

घरगुती बनावटीच्या यंत्रात बॉल बेअरिंग असतात, १५ मिलिमीटरच्या शाफ्टला ६२०२ आणि २० च्या शाफ्टला ६२०४. जुने बेअरिंग धुऊन वाचवत बसण्यात अर्थ नाही, नवीन स्वस्त आहे. फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले मागा. पत्र्याच्या शील्डचे घेतले तर त्यातून पाणी आणि गाळ आत जातो.

फिरत्या शाफ्टवरची रबरी नळी गुळगुळीत झाली असेल तर ड्रम घसरतो. जुनी नळी ब्लेडने उभी कापून काढा, शाफ्ट कोरडा पुसा, नवी नळी आतून साबणाच्या पाण्याने ओली करून सरकवा. एक दिवस वाळू द्या.

वेगाचा हिशेब

मोटार किंवा पुली बदलायची असेल तर हे गणित करावेच लागते. ड्रम जितका मोठा तितका वेग कमी. ठरावीक वेगापुढे दगड भिंतीला चिकटून गोल फिरतात, घरंगळत नाहीत. ही मर्यादा काढायची तर ४२.३ ला ड्रमच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागा. २०० मिलिमीटरच्या ड्रमसाठी ती मिनिटाला सुमारे ९५ फेरे येते. काम करायचे ते याच्या ४० ते ५५ टक्क्यांवर. त्याहून जोरात फिरवले की दगड वरून आदळतात आणि त्यांवर चंद्रकोरीसारखे टवके उडतात.

उदाहरण घ्या. मोटार १४४० फेऱ्यांची, तिच्यावर २ इंची पुली, शाफ्टवर ७ इंची पुली. शाफ्ट ४११ फेरे फिरेल. शाफ्टचा रबरासह बाहेरचा व्यास २० मिलिमीटर आणि ड्रमचा २००, म्हणजे आणखी दहाने भागा: ४१ फेरे. बरोबर बसले. प्रत्यक्षात ड्रमवर खडूची खूण करून मिनिटभर मोजा. हिशेबापेक्षा दोन-तीन फेरे कमी भरतील, तेवढी घसर चालते. दहाने कमी भरले तर पट्टा किंवा नळी घसरते आहे.

पट्ट्याचा ताण अंदाजाने देतात आणि तो नेहमी जास्त देतात. व्ही-पट्टा असेल तर दोन पुल्यांच्या मध्यभागी बोटाने दाबा. ४० सेंटिमीटरच्या अंतराला ६ ते ७ मिलिमीटर दबला पाहिजे. लहान यंत्रांत गोल पट्टा असतो. तो हायड्रॉलिक सीलच्या दुकानात ओ-रिंग म्हणून मिळतो, लागणाऱ्या लांबीपेक्षा ५ ते ८ टक्के आखूड घ्या. लहान मोटारींत जोर इतका कमी असतो की ताणलेला पट्टाच तिला थांबवतो. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला दोरा लावून त्या एका रेषेत आहेत का तेही पाहून घ्या, नाहीतर पट्ट्याची एक कड काळी भुकटी टाकत झिजते.

मोटार

मोटारीला पाणी लावायचे नाही. एन-९५ मास्क लावून, उघड्यावर, मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनरने धूळ काढा. कपॅसिटर असेल तर हात लावण्यापूर्वी त्याची दोन टोके बल्बच्या होल्डरच्या वायरींना लावून तो रिकामा करा. बुशवर फिरणाऱ्या मोटारीला दोन्ही टोकांना एसएई २० चे दोन-तीन थेंब पुरेत. जास्त तेल वायंडिंगवर उडते आणि धूळ धरते. गंज सोडवणारा फवारा म्हणजे वंगण नव्हे. तो जुने तेल धुऊन काढतो आणि उडून जातो, मोटार दोन दिवस छान फिरते आणि तिसऱ्या दिवशी आवळते.

पडून राहिलेल्या मोटारीत ओल असतेच. रिवायंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजून घ्या. १ मेगाओहमच्या खाली असेल तर लावू नका. बंद पेटीत ६० वॅटचा पिवळा बल्ब पेटवून मोटार रात्रभर त्यात ठेवा आणि पुन्हा मोजा.

मोटार बदलायची झाली तर जुन्या धुलाई यंत्राची मोटार बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेली असू शकते. टंबलर महिना-महिना थांबत नाही. पाटीवर सतत चालण्याची खूण, एस१, आहे का पाहा. विजेची धास्ती नको: ४० वॅटची मोटार दिवसाला सुमारे एक युनिट खाते.

सांगाडा

५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड एक लिटर गरम पाण्यात, त्यात गंजलेले लोखंडी भाग चार-सहा तास, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, पुसून, लगेच वाळवायचे. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग यात घालू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पॉलिश पेपर ओला करूनच चालवा. रेड ऑक्साइड, मग दोन हात इनॅमल. शाफ्टच्या जागा आणि अर्थिंगच्या स्क्रूखालची जागा रंगवायची नाही.

जोडणी आणि चाचणी

दोन शाफ्टांमधले अंतर दोन्ही टोकांना मोजा. एका मिलिमीटरचा फरक असला तरी ड्रम चालता चालता एका बाजूला सरकतो आणि सांगाड्याला घासतो. अंतर बरोबर असूनही सरकत असेल तर टेबल लेव्हलमध्ये नाही.

पहिले दोन तास ड्रमशिवाय चालवा. मोटारीवर हात ठेवून पाहा: गरम लागणे ठीक, चटका बसता कामा नये. मग ड्रममध्ये फक्त पाणी भरून झाकण लावा आणि कोऱ्या कागदावर २४ तास आडवा ठेवा. कागदावर डाग नसेल तर नुसते दगड आणि पाणी घालून आणखी एक दिवस फिरवा, ग्रिट नाही. इथवर सगळे नीट असेल तरच ग्रिट टाका.

पहिल्या घाण्याला साधे, कडक दगड निवडा. दख्खनच्या बेसॉल्टमधून सुटलेले अकीक आणि जास्पर नदीपात्रात आणि शेताच्या बांधांवर मिळतात, ते योग्य. पुणे-नाशिक-जळगाव भागातली झिओलाइटे (बेसॉल्टच्या पोकळ्यांतले मऊ स्फटिक) कितीही सुंदर असली तरी त्यात घालू नका. त्यातला स्टिल्बाइट मोज मापनावर साडेतीन-चारचा, बाकीच्यांपाशी त्याचा चुरा होतो. खुद्द बेसॉल्टही सहसा चकाकी धरत नाही. ३ पौंडी ड्रम दोन तृतीयांश भरा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली, ६०/९० ग्रिट चार टेबलस्पून, सात दिवस. पहिल्या दिवशी आणि मग दर दोन दिवसांनी झाकण उघडून हवा जाऊ द्या. आत वायू साचून झाकण फुगते, उन्हाळ्यात जास्तच. उघडताना जवळ ज्योत नको. फुगणे थांबत नसेल तर चिमूटभर खायचा सोडा घाला.

आठवड्याने उघडल्यावर काय दिसते त्यावरून यंत्राची तब्येत कळते. दगड जवळजवळ जसेच्या तसे असतील तर ड्रम घसरत होता किंवा जास्त भरला होता. टवके उडाले असतील तर वेग जास्त किंवा भरताड कमी. गाळ खिरीसारखा दाट असेल तर पाणी कमी पडले, आणि ग्रिट तळाशी वेगळा बसलेला दिसला तर पाणी जास्त झाले. ट्रेमध्ये राखाडी ओघळ असतील तर कड पुसून झाकण परत बसवा, आणि त्या बाजूचा बुश उघडून पाहिल्याशिवाय यंत्र पुढे चालवू नका. पॉलिशनंतर सगळ्या दगडांवर एकसारखे बारीक ओरखडे असतील तर भरड ग्रिट मागे राहिला आहे. अशा वेळी पॉलिशच्या ड्रमचे झाकण, वॉशर आणि बोल्टचे आटे तपासा, आणि दगडांच्या भेगाही. भेगा असलेले दगड पॉलिशला न नेता भरड ग्रिटमध्ये परत टाकायचे.